जुन्या गाण्यांची पलीकडची हद्द

मी गाण्यांच्या एका ॲपसाठी सर्व्हरच्या बाजूचा कोड लिहितो. मध्यंतरी 'जुनी गाणी' या कप्प्याचा नियम नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. नियम म्हणजे कोडमधली एक ओळ: गाण्याचं साल अमुकच्या आधीचं असेल, तर गाणं जुनं. तो 'अमुक' किती असावा यावर आमच्या टीममध्ये दीड तास वाद झाला. एकीचं म्हणणं १९७०. दुसऱ्याचं १९९०. कॉलेजातून नुकताच आलेला एक मुलगा शांतपणे म्हणाला, "'आशिकी' जुनाच आहे ना?" 'आशिकी' १९९० चा. चाळिशीतल्या दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

हा वाद तुमच्याही घरात झाला असेल. गंमत अशी की तो नेहमी एकाच बाजूच्या हद्दीवर होतो. जुनी गाणी कुठे संपतात, म्हणजे अलीकडची हद्द कुठे, यावर सगळे भांडतात. पण पलीकडेही एक हद्द आहे. तिच्या मागे गेलेलं गाणं जुनंही राहत नाही, ते कुणाला माहीतच नसतं. आणि ही पलीकडची हद्दसुद्धा सरकते. ती सरकते कशी, हे शोधताना मला बराच इतिहास वाचावा लागला. त्यातला काही इथे मांडतोय.

सुरुवात 'ओल्डीज' या शब्दापासून. तो रुळवला अमेरिकन रेडिओने. लॉस एंजेलिसमध्ये आर्ट लबो नावाचा निवेदक होता. ऐकणारे त्याच्याकडे वारंवार त्याच त्या गाण्यांची फर्माईश करायचे. त्याने १९५९ साली ती गाणी एका एलपीवर एकत्र केली आणि नाव दिलं 'ओल्डीज बट गुडीज'. त्यातली गाणी किती जुनी होती? त्याच दशकातली, काही वर्षांपूर्वीची. त्या मापाने 'सैराट' (२०१६) कधीच जुना झालाय. म्हणजे ज्या शब्दावर आपण एवढी डोकेफोड करतोय, तो जन्मला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता: आता नव्याने वाजत नाही, पण लोकांना परत हवं आहे.

आपल्याकडेही सुरुवात अशीच आहे. रेडिओ सिलोनच्या हिंदी सेवेवर सकाळी साडेसातला 'पुरानी फिल्मों का संगीत' लागायचं. तिथे ज्या फिल्मा 'पुरानी' म्हणवल्या गेल्या त्या सुरुवातीला फारतर दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या असणार, कारण त्याहून मागे जायला जागाच नव्हती. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला तो १४ मार्च १९३१ रोजी.

पण रेडिओ सिलोनवर आपली गाणी गेली कशी, हा किस्सा सांगायलाच हवा, कारण त्यात एक मराठी माणूस आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताची मनापासून आस्था, आणि सिनेमाची गाणी म्हणजे उथळ, परक्या वळणाची, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरचा सिनेसंगीताचा वाटा कापला गेला. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं बंद झालं, कारण ती फुकटची जाहिरात. निर्मात्यांनी चिडून परवाने काढून घेतले आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ गायब झाली. लोकांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. तिथे १९५२ च्याच डिसेंबरात अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' काढावी लागली.

आता तारखा नीट बघा. १९५२ ते १९५७. आज ज्याला आपण डोळे मिटून 'सुवर्णकाळ' म्हणतो, त्याच्या ऐन मध्यावरची ही वर्षं. केसकरांना देशाचे कान ज्या गाण्यांपासून वाचवायचे होते, तीच गाणी आज देशाचा वारसा म्हणून डबीत घालून विकली जातात. केसकरांची टिंगल करणं सोपं आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाचं हे वाटतं की गाणं 'जुनं' होणं ही बढती आहे, आणि ती देणारे लोक गाणं नवं असतानाचे लोक नसतात.

हे मला आमच्या घरात जास्त स्पष्ट दिसतं. माझे बाबा १९६४ चे. किशोर-आरडीची सत्तरच्या दशकातली गाणी त्यांना 'जुनी' म्हटलेली चालत नाहीत. ती 'आमच्या वेळची'. जुनी म्हणजे त्यांच्या लेखी तलत, गीता दत्त, पन्नाशीतली लता. आजोबा होते तेव्हा ते याच लता-तलतला 'आमच्या वेळची' म्हणायचे. जुनं म्हणजे सैगल, काननबाला, शांता आपटे. आणि मी? हिमेशची गाणी शाळेच्या बसमध्ये रोज ऐकलेली. उद्या कुणी 'जुनी' म्हणालं तर मलाही लागेलच.

म्हणजे 'जुनं' हा शब्द स्वतःच्या तारुण्यातल्या गाण्यांसाठी कुणीच वापरत नाही. तो पुढच्या पिढीने दिलेला शब्द आहे. गाण्याला आधी 'आमच्या वेळचं' म्हणणारी माणसं लागतात, मग त्यांच्या घरात वाढलेली आणि ते कानावर पडलेली मुलं लागतात. ती मुलं त्याला 'जुनं' म्हणतात. त्या मुलांच्या मुलांपर्यंत ते पोचेलच याची हमी नाही. आजोबा गेल्यावर आमच्या घरात शांता आपट्यांना 'आमच्या वेळची' म्हणणारं कुणी उरलं नाही. उरलं नाही म्हणजे, त्यांची गाणी लावणारंच कुणी उरलं नाही.

अलीकडच्या हद्दीबद्दल थोडक्यात. पूर्वीची कडवी मंडळी तिथे 'आराधना'चा (१९६९) खांब रोवायची. पुढच्या दशकात मृत्यूंनी तो आणखी पक्का केला: १९७१ मध्ये जयकिशन, १९७५ मध्ये मदन मोहन आणि सचिनदेव बर्मन, १९७६ मध्ये मुकेश, ३१ जुलै १९८० ला रफी. पण खांब हलला, कारण तेव्हाची पोरं मोठी झाली. तो पुढेही हलत राहील. त्याची काळजी करायचं कारण नाही.

काळजी पलीकडच्या हद्दीची. तिचं एक अगदी उघड उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथलं डब्ल्यूसीबीएस-एफएम हे स्टेशन १९७२ पासून ओल्डीज वाजवायचं. ३ जून २००५ रोजी ते बंद करून तिथे वेगळाच साचा आणला गेला. श्रोते भडकले. जुलै २००७ मध्ये जुन्या गाण्यांचं स्टेशन परत आलं, पण पूर्वीसारखं नाही. आता शब्द होता 'क्लासिक हिट्स', आणि गाण्यांचा गुरुत्वमध्य अलीकडे सरकला होता. ज्या पन्नाशीच्या गाण्यांसाठी 'ओल्डीज' हा शब्दच रुळला, ती हळूहळू मागच्या दाराने गेली. कारण संगीताशी संबंधित नाही. अमेरिकेतल्या रेडिओ जाहिरातदारांना साधारण २५ ते ५४ वयाचे कान हवे असतात. पन्नाशीच्या गाण्यांचे चाहते त्या वयाच्या बाहेर गेले, आणि जाताना गाणी बरोबर घेऊन गेले. लबो स्वतः मात्र लोकांच्या फर्माइशी वाजवत राहिला, २०२२ मध्ये ९७ व्या वर्षी जाईपर्यंत.

आपल्याकडे असं एखादं स्टेशन एका दिवशी बंद पडून बातमी होत नाही. आपल्याकडे हे आवाज न करता होतं. कसं, ते दोन गायकांच्या उदाहरणाने सांगतो.

कुंदनलाल सैगल १८ जानेवारी १९४७ ला गेले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पण सैगल माझ्या पिढीलाही निदान नावाने माहीत आहेत; कुणीतरी त्यांची नक्कल करतं, दुसरं कुणी हसतं. त्यांच्याच न्यू थिएटर्समधले पंकज मलिक, के. सी. डे, काननदेवी किती जणांना माहीत आहेत? पंकज मलिक आणि काननदेवी दोघांनाही पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, म्हणजे ती काही दुय्यम माणसं नव्हती. के. सी. डे हे मन्ना डे यांचे काका, आणि 'धूप छाँव' (१९३५) मधून हिंदीत पार्श्वगायन सुरू झालं त्या वेळचे मोठे गायक. मग सैगलच का उरले?

सैगल थोर होते हे उत्तर आहेच. पण माझ्या मते दुसरं उत्तर तीन मिनिटांचं आहे. 'पुरानी फिल्मों का संगीत' रोज सकाळी आठ वाजता संपायचं, आणि शेवटचं गाणं ठरलेलं असायचं: सैगल. वर्षानुवर्षं. सैगल लागले की आठ वाजत आले, दप्तर भरा, डबा भरा, निघा. ज्यांना सैगल आवडत नव्हते त्यांनीही ते हजारो वेळा ऐकले. सैगल हयात असताना जन्मलेही नव्हते अशा लाखो मुलांच्या कानात ते गेले. कार्यक्रम आखणाऱ्या कुणीतरी घेतलेला हा निर्णय. मी दिवसभर 'रेकमेंडेशन'चं काम करतो, पण एका माणसाला पलीकडच्या हद्दीतून ओढून काढणारा इतका साधा आणि इतका परिणामकारक नियम मला अजून लिहिता आलेला नाही.

दुसरं उदाहरण शांता आपट्यांचं. प्रभातच्या 'कुंकू'मध्ये (१९३७) म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीराची भूमिका त्यांची. केशवराव भोळे यांचं संगीत, व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन. त्या सिनेमात पार्श्वसंगीत नाहीच. जे ऐकू येतं ते पडद्यावर प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टींतून येतं. आणि त्यात नीरा लाँगफेलोची एक इंग्रजी कविता गाते. १९३७ साली, मराठी सिनेमात, एक बंडखोर बाई इंग्रजी कविता गाते! आज असं कुणी केलं तर आठवडाभर रील्स निघतील. पण शांता आपट्यांसाठी कुणी रोजची तीन मिनिटं राखून ठेवली नाहीत.

ॲपच्या जमान्यात पलीकडची हद्द आणखी वेगाने सरकते, आणि याची कारणं अतिशय रटाळ आहेत. पहिलं कारण साल. आमच्याकडे गाण्याबरोबर जे साल येतं ते पुष्कळदा गाण्याचं नसतं; ते ज्या संकलनातून गाणं डिजिटल झालं त्या संकलनाचं असतं. १९४० च्या गाण्याखाली २००६ असू शकतं. आता तुम्ही कितीही विचारपूर्वक १९७० किंवा १९९० ची रेघ मारा, हे गाणं 'जुन्या'त येणारच नाही. जितकं गाणं जुनं, तितकं ते नंतरच्या संकलनातून आलेलं असण्याची शक्यता जास्त. म्हणजे जुन्या गाण्यांचा नियम सर्वांत आधी सर्वांत जुनी गाणी गाळतो. (या भागात मी चार दिवस फक्त साल शोधत होतो. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी दशकवार केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' नसता तर चार महिने लागले असते. एका माणसाच्या ध्यासावर आपण सगळे किती उभे असतो!)

दुसरं कारण नाव. ॲपमध्ये सगळं गायकाच्या नावावर लटकलेलं असतं. तुम्ही लता ऐकली की आम्ही आणखी लता देतो. २०१७ मध्ये आलेला 'कारवाँ' हा पाच हजार गाण्यांचा रेडिओसारखा डबाही नावांवरच चालतो: चकती फिरवा, कलाकार निवडा. पण तबकडीवर गायकाचं नाव घालायची पद्धत सुरुवातीला पक्की नव्हतीच. 'महल'च्या (१९४९) गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. गाणारी कोण, हे लोकांनी रेडिओला विचारून विचारून लताचं नाव पुढे आलं. ती लता होती, म्हणून हा किस्सा झाला. ज्या कामिन्यांबद्दल कुणी विचारलं नाही, त्या अजून पात्राच्या नावाखालीच आहेत, आणि आमच्या सर्चला त्या दिसत नाहीत.

तिसरं, ज्या वस्तूवर गाणं होतं ती वस्तूच जाते. 'आलम आरा'त सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत आणि सिनेमाची प्रतही आज कुठे नाही. पहिल्याच बोलपटाची गाणी फक्त यादीत आहेत. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यातही सुरुवातीच्या काळातलं बरंच काही गेलं. त्या मानाने मराठी नशीबवान. 'अयोध्येचा राजा' (१९३२) गोविंदराव टेंब्यांच्या गाण्यांसकट वाचला.

हे सगळं वाचून मी थोडा खचलो होतो. मग एका गोष्टीने गोंधळ उडवला. ३० च्या दशकातलं सिनेमाचं गाणं विसरलं जातं, हे समजू शकतो. पण अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ चं आहे. तेव्हा भारतात ध्वनिमुद्रणही नव्हतं. गौहर जानची पहिली तबकडी कलकत्त्यात मुद्रित झाली १९०२ साली. तरी 'सौभद्र'ची पदं आज पुण्या-मुंबईत, गोव्यात, अकरा वर्षांची मुलं स्पर्धेत म्हणतात. 'मानापमान' १९११ चं, 'स्वयंवर' १९१६ चं. यांना पलीकडची हद्द का लागली नाही?

कारण ही पदं कुणा एकाच्या आवाजात बंद नाहीत. बालगंधर्वांनी गायली, मग दुसऱ्यांनी, मग क्लासमधल्या बाईंनी, मग त्या मुलीने. प्रत्येक पिढीत काही जणांसाठी ती 'आमच्या वेळची' झाली. सिनेमाचं गाणं मात्र आपण आवाजासकट जपतो. तोच आवाज, तीच तबकडी, तीच खरखर. दुसरं कुणी गायलं तर आपल्याला ती नक्कल वाटते. सगळ्यात चांगलं उदाहरण 'कट्यार काळजात घुसली'. नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, गाजवलं वसंतराव देशपांड्यांनी. २०१५ मध्ये सिनेमा आला, शंकर महादेवन, महेश काळे, राहुल देशपांडे गायले, आणि माझ्या वर्गमित्रांच्या फोनमध्ये ती पदं अरिजितच्या शेजारी जाऊन बसली. आमच्या टेबलात त्यांचं साल आहे २०१५. याला जुनं म्हणायचं की नवं, हे मी त्या दीड तासाच्या वादात मांडलं तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. हिंदीत हे काम रीमिक्सने केलं, जरा रांगड्या पद्धतीने: 'काँटा लगा' १९७२ च्या 'समाधि'तलं आहे हे २००२ मध्ये टीव्हीसमोर बसलेल्या किती पोरांना माहीत होतं?

पुन्हा गायचं म्हटलं की कायदा येतो, आणि कायद्यात 'जुनं' म्हणजे काय याची चक्क आकड्यांत व्याख्या आहे. एक नाही, दोन. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, गाणं पहिल्यांदा मुद्रित झालं त्या वर्षानंतर पाच पूर्ण वर्षं गेली की ठराविक मानधन भरून कुणीही त्याची नवी आवृत्ती करू शकतो. हा झाला लबोचा हिशेब. दुसरा आकडा ६०. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षांनी ते सगळ्यांचं होतं. पूर्वी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथ ठाकुर १९४१ मध्ये गेले, त्यांचं लेखन १९९१ अखेर मोकळं होणार होतं. ते थांबवायला मुदत दहा वर्षांनी वाढवली, आणि रवींद्रनाथांबरोबर इतर सगळेच आणखी दहा वर्षं कुलपात राहिले.

तीस-चाळीसच्या दशकातल्या तबकड्या म्हणजे केव्हाच मोकळ्या आहेत. पण मोकळ्या वस्तूवर कुणाचा एकाधिकार नसतो, म्हणून ती लोकांपुढे आणायला कुणी पैसे घालत नाही. आमच्या ॲपवर ठळक जागा मिळते ती कुणाच्या तरी मालकीच्या गाण्यांना. कायदा गाण्याला सोडतो तेव्हा ते 'आमच्या वेळचं' म्हणणारे सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेलेले असतात.

शिवाय गाणं एकदम सुटत नाही. 'वो कौन थी' घ्या, १९६४ चा. त्याची तबकडी १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली. शब्द मात्र राजा मेहंदी अली खान यांचे. ते १९६६ मध्ये गेले, म्हणून शब्द २०२६ अखेरपर्यंत बांधलेले. चाल मदन मोहन यांची, म्हणजे २०३५ अखेरपर्यंत. जुनं ध्वनिमुद्रण वाजवायला तबकडी, शब्द आणि चाल, तिन्ही सुटावं लागतं. नव्याने गायला शब्द आणि चाल पुरे, आणि तोवर मानधन भरून गायचा रस्ता आहेच.

१ जानेवारी २०३६ ला, कायदा बदलला नाही तर, ते गाणं तिन्ही अंगांनी सुटेल. बाबा तेव्हा बहात्तरीच्या उंबऱ्यावर असतील. त्यांच्या लेखी ते गाणं तेव्हाही 'जुनं'च असेल. १९६४ मध्ये वीस वर्षांची असलेली, त्याला 'आमच्या वेळचं' म्हणणारी मुलगी एक्क्याण्णव वर्षांची असेल.